पंपघरामागची डबी

कागदावर त्याची सही होती. एक बाण वर, एक बाण खाली, शेजारी तारीख. तारीख परवाची होती.

बाई पंपघराच्या मागच्या भिंतीशी उकिडवी बसली होती. गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं आणि डबीचं झाकण उघडताना बोटांना कात्रीनं चिमटल्यासारखं होत होतं. तिनं सही एकदा पाहिली, मग कागद उलटा करून मागून पाहिली, जणू मागून पाहिल्यावर तारीख बदलणार होती. भिंतीपलीकडे, गंजून गेलेल्या पंपांच्या खालून, कालव्याचं पाणी सरकत होतं. संथ पाण्याला आवाज नसतो असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी तिथे एकदा एकट्यानं बसून दाखवावं.

नवरा नाहीसा होऊन त्या दिवशी बहात्तर दिवस झाले होते.

तो लिफ्टचा मेकॅनिक होता. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या पोटात लोंबकळून दोर तपासायचा आणि संध्याकाळी तीन जिने चढून घरी यायचा, कारण स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. यावर तो स्वतःच हसायचा. सुट्टीच्या दिवशी त्याला नाद एकच, डब्या लपवायचा. मोठ्या माणसांचा लपंडाव आहे हा. एक जण डबी कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीचे फोनमधल्या बाणामागे चालत येतात, डबी हुडकतात, आतल्या कागदावर आपली खूण आणि तारीख टाकतात आणि डबी होती तशी ठेवून जातात. बक्षीस नाही, टाळ्या नाहीत. नियम मात्र कडक. डबीला हात लागल्याशिवाय सही करायची नाही. खेळात प्रत्येकाला टोपणनाव असतं. याचं होतं 'खालीवर'. म्हणून सहीच्या जागी दोन बाण.

लपवणाऱ्याच्या मागे कामही लागतं. पावसात कागदाचा लगदा होतो, उन्हाळ्यात झाकणाचं रबर तडकतं, थंडीत बॉलपेन गारठतं म्हणून पेन्सिल ठेवावी लागते, आणि मुंग्यांना कुठलाच ऋतू वर्ज्य नाही. दर हवामानात जाऊन बघावं लागतं. नवरा गेला तो असंच बघायला गेला. सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरच्या इमारतीचे फक्त दिवे दिसत होते. कुणीतरी इंटरनेटवर तक्रार लिहिली होती, पंपघरामागच्या डबीत ओल आली आहे. अर्ध्या तासात येतो म्हणाला. तो अर्धा तास अजून चालू होता.

सायकल पंपघराच्या फाटकाला टेकलेली सापडली, कुलूप लावलेली. कालव्यात गळ टाकले, जाळं ओढलं. एक चप्पलसुद्धा वर आली नाही. पोलिसांनी कागदावर 'बेपत्ता' असं लिहिलं आणि तोंडानं वेगळंच विचारलं, "बाई, सायकलला कुलूप लावून कोण जीव देतं? बाहेर काही भानगड होती का?" शेजाऱ्यांनी तर ती भानगड कोण, कुठे राहते, दिसायला कशी आहे हेही ठरवून टाकलं. दुसऱ्याच्या घरातला मेलेला माणूस लोकांना जिवंतच हवा असतो. मेलेल्याबद्दल दोन दिवस बोलता येतं, पळालेल्याबद्दल दोन वर्षं.

बाकीच्या सहा डब्या बाईनं स्वतः जाऊन उचलून आणल्या आणि खेळातून काढून टाकल्या. ही एक ठेवली. इंटरनेटवर मात्र ही बंद आहे असं लिहिलं, म्हणजे कुणी येणार नाही. स्वतः मात्र दर पंधरवड्याला येऊन कागद बघायची. तिला तरी कुठे माहीत होतं, ती काय बघायला येते ते. आता कळलं.

ती धावत घरी गेली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छातीचा भाता झाला होता. सासरे खिडकीशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर घडी करून शाल टाकलेली. ते जमीनमोजणीच्या कचेरीत चाळीस वर्षं नकाशे काढत होते. अक्षांश-रेखांश म्हणजे काय हे मुलाला लहानपणी त्यांनीच पाटीवर काढून शिकवलं होतं. आता गुडघे गेले होते. मुलगा गेल्यापासून जिना उतरवत नाही म्हणायचे. त्यांनी ऐकलं, गुडघ्यांवरची शाल सारखी केली, मग म्हणाले, "म्हणजे आहे. कुठेतरी आहे."

"मी पोलिसांना सांगते, अण्णा."

"नको. ते तिथे दोन शिपाई बसवतील. तो लांबून बघेल आणि पुन्हा यायचा नाही. लाजत असेल. पुरुषाला लाज वाटली की तो जनावरासारखा लपतो. तू वाट बघ."

बाईला ते पटलं. पटायचंच होतं.

बाई एका मोठ्या हॉस्पिटलात कापडखान्यात होती. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नर्सांपासून डॉक्टरांपर्यंत तिला सगळे 'चादरवाल्या बाई' म्हणायचे. वीस वर्षांत तिला डागांची भाषा येऊ लागली होती. रक्ताचा डाग ताजा की कालचा, आयोडिन की औषध, मलम कुठलं, रोग्यानं खाल्लं काय, हे ती चादर उलगडून सांगायची. एकदा नव्या डॉक्टरनं थट्टेनं विचारलं, चादरीवरून माणूस मरणार की जगणार तेही सांगाल का. ती म्हणाली, सांगता येतं, पण तुम्हाला आवडायचं नाही.

त्या थंडीतच मोठ्या सिस्टरनं तिला बोलावून एक कागद पुढे केला. दूरच्या शहरात नवं हॉस्पिटल उघडत होतं. तिथला सबंध कापडखाना तिच्या हाताखाली, राहायला दोन खोल्या. सिस्टरनं तिचंच नाव लावून धरलं होतं. बाईनं मुदत मागितली. बहिणीला फोनवर सांगितलं तर ताई आधी खूश झाली, मग मुदतीचं कारण ऐकून म्हणाली, "अगं ए, नवरा जिवंत आहे ना? मग त्याला पायही असतील. पंपघरापर्यंत येतो, तुझ्या दारापर्यंत येत नाही. हा नवरा की पोस्टमन?" बाईनं फोन ठेवून दिला. चार दिवस ताईचा फोन उचलला नाही.

उन्हाळा आला. दुपारच्या सुट्टीत ती पंपघराकडे गेली तेव्हा वारा भट्टीतून निघाल्यासारखा अंगावर येत होता. कालव्याचं पाणी तळाला गेलं होतं आणि काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. फोन तापून आपोआप बंद झाला. तिला बाणाची गरज नव्हती. पंपघराचं लोखंडी दार थोडं उघडं होतं. आत उजेडाच्या तिरप्या पट्ट्यांत धूळ उभी होती, हलत नव्हती. बाहेर इतका वारा आणि आत धूळ हलत नाही. तिनं दारातूनच त्याला हाक मारली. हाक परत आली, पण थोडी उशिरा, जणू आत कुणीतरी ती आधी ऐकून घेतली आणि मग सोडली.

तिनं पुन्हा हाक मारली नाही. मागच्या भिंतीकडे जाऊन डबीपुढची सुटी वीट काढली. डबीचं रबर तडकलेलं, आत मुंग्या. कागदावर दुसरी सही होती. आठ दिवसांपूर्वीची.

ती तिथेच उन्हात बसून रडली, मग नाक पुसून रबर बदललं, कारण ते तडकलं होतं आणि पिशवीत नवं होतं. कागदाखाली तिनं चिठ्ठी ठेवली. घरी या. कुणी काही विचारणार नाही. अण्णांचे गुडघे फार दुखतात. एवढंच.

सिस्टरनं मुदत वाढवून घेतली. म्हणाली, पावसाळा संपेपर्यंत, पुढे माझ्या हातात नाही. बाई घरी येऊन संध्याकाळी सासऱ्यांच्या गुडघ्यांना मलम चोळायची. रोजचं होतं ते. अर्धा तास, दोन्ही अंगठ्यांनी, वाटीच्या कडेकडेनं. सासरे डोळे मिटून पडायचे. ती सांगायची, दुसरी सही आली. ते म्हणायचे, येईल, येईल, लोखंड एकदम वाकत नाही. त्यांच्या पोटऱ्या हाताला घट्ट लागायच्या. महिनोन्महिने खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या घट्ट कशा, हे तिच्या मनात आलं नाही. परक्याच्या चादरीवरचा केस दिसणाऱ्या बाईला घरातला पाय दिसला नाही. माणसाला हवं तेच दिसतं आणि ते दिसत राहावं म्हणून माणूस वाटेल तेवढं आंधळं होतं.

पावसात रस्ता घोट्यापर्यंत बुडाला. हॉस्पिटलातले रबरी हातमोजे आणि गमबूट घालून ती गेली. छत्री उलटी होऊन गेलीच. पंपघराच्या पन्हळीतून पाणी दोरासारखं सरळ पडत होतं. तिनं पोटाशी डबी धरून, अंगाचं छप्पर करून झाकण उघडलं. चिठ्ठी नव्हती. सही होती, तिसरी, कालची.

चिठ्ठी त्यानं नेली. तिला इतका आनंद झाला की ती पावसात एकटीच हसली. मग कागद ओला होऊ नये म्हणून नवा घालायला तिनं जुना बाहेर काढला, आणि सवयीनं उजेडाकडे धरला.

सहीच्या खाली अंगठ्याएवढा एक डाग होता. तिथे कागद पारदर्शक झाला होता, कडेला पिवळट झाक. पेन्सिलीची रेघ डागावरून जाताना घसरली होती, दोन ठिकाणी तुटली होती. म्हणजे डाग आधी, रेघ नंतर. तिचे हात मोज्यात होते.

नेहमीचं पांढरं मलम दुकानात मिळालं नव्हतं म्हणून चार दिवसांपूर्वी तिनं दुसरं आणलं होतं, पिवळं. पहिल्याच दिवशी अभ्र्याला लागलं आणि सोड्यात उकळूनही निघालं नाही, म्हणून ती सासऱ्यांवर चिडली होती. तिनं कागद नाकाशी नेला. पावसात, शेवाळाच्या आणि गंजाच्या वासातून, तिच्या घरातला वास आला.

मग तिला बाण दिसले. पहिल्यांदाच दिसले म्हणायचे. तिन्ही सह्यांचे बाण पट्टी लावल्यासारखे सरळ होते, टोकं भरीव काढलेली, नकाशावर उत्तर दिशा दाखवतात तशी. तिचा नवरा बाण काढायचा तो कुणी हाक मारल्यावर मागे न बघता हात हलवावा तसा. कागद फाटेल इतका जोर, टोकं उघडी.

तिनं नवा कागद घातला, वीट लावली आणि घरी आली. कपडे बदलले. रोजच्या वेळेला मलम घेऊन सासऱ्यांच्या पायाशी बसली. उजवा गुडघा झाला. डाव्याला हात लावून तिनं विचारलं, "चालत जाता की बसनं?"

सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. बाहेर पाऊस पडत होता. ते म्हणाले, "चालत."

"किती वेळ लागतो?"

"जायला दोन तास. यायला जास्त."

"मी ड्युटीवर असताना."

"हो."

ती चोळत राहिली. अंगठा थोडा जास्त रुतला असेल, पण ते हूं की चूं करेनात.

"पहिली तुझ्यासाठी केली," ते म्हणाले.

"माझ्यासाठी की दोन वेळच्या गरम जेवणासाठी?"

"दोन्ही. खोटं कशाला बोलू. नव्या जागेसाठी सिस्टर तुझं नाव घेतेय अशी कुणकुण आहे, असं तू ताईला फोनवर सांगितलंस, कागद यायच्या कितीतरी आधी, तेव्हाच मी ऐकलं होतं. तू गेली असतीस. तुझं चुकलंही नसतं. मग मी इथे कुणाचा?"

"मला विचारायचं होतं. चला म्हणाले असते."

"नवऱ्याशिवाय सून सासऱ्याला नेते का कुठे?"

"न्यायची की नाही ते सुनेनं ठरवायचं होतं. तुम्ही माझं अर्धं वर्ष खाल्लंत, अण्णा. मी त्या भिंतीशी बसून रडले. तुम्हाला माहीत होतं मी रडून आले. आणि तुम्ही पाय पुढे केलेत, चोळ म्हणून."

ते उठून बसले. उशीच्या अभ्र्यात हात घालून त्यांनी चिठ्ठी काढली, तिचीच, घडी तशीच. "फेकली नाही," ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली आला. "दुसऱ्या वेळचं सांगतो. सही केली आणि मी ती बघत बसलो. उन्हात. अर्धा तास असेल. मला कळत होतं की ही मी केली. तरी मला वाटलं, आत्ताच करून गेला. हात पुसत पंपघराच्या मागनं येईल. तिसऱ्या वेळी मी तुझ्यासाठी गेलोच नाही. आपला गेलो."

बाईनं चिठ्ठी घेतली नाही. मलमाचं झाकण लावलं, हात धुतले, आणि सकाळी जाऊन मोठ्या सिस्टरला नव्या जागेसाठी होकार दिला.

त्याच आठवड्यात सासऱ्यांना ताप भरला. तिसऱ्या सहीचा पाऊस छातीत उतरला होता. तिनंच आपल्या हॉस्पिटलात दाखल केलं. नऊ दिवस ते तिसऱ्या वॉर्डात होते, नळीला बांधलेले. त्या नऊ दिवसांत कालवा फुटला. खालच्या वस्त्या रिकाम्या केल्या, पंपघराकडचा रस्ता पोलिसांनी दोरी लावून बंद केला. पाणी पंपघराच्या खिडक्यांना लागलं असं ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर सांगत होते. शुक्रवारी सगळ्यात जास्त चढलं. त्या शुक्रवारी बाईनं सासऱ्यांची चादर दोनदा बदलली. घामाची होती, जगणाऱ्या माणसाची.

पाणी उतरलं, दोरी सुटली त्या सकाळी ती गेली. एवढंच काम राहिलं होतं. गाव सोडताना डबी उचलायची, मागे कचरा ठेवायचा नाही, हा खेळाचा नियम तिला त्यानंच सांगितला होता. आदल्या रात्रीपासून हवा निवळली होती आणि धुकं परत आलं होतं, पातळ, जमिनीलगतचं. फाटकापाशी ती थांबली.

पाण्यानं मागे गाळ सोडला होता. फाटकापासून भिंतीपर्यंत सगळीकडे एकसारखा, गुळगुळीत, इस्त्री करून अंथरल्यासारखा. सुरकुती नाही. एका कडेला बगळ्याचे पाय उमटले होते, दुसरं काही नाही. तिनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा कुणाच्या तरी बिछान्यावर चिखलाचा पाय द्यावा तसं वाटलं.

फोनमधला बाण धुक्यात वेडा झाला. दहा मीटर म्हणाला, चार म्हणाला, मग ती उभी असताना एकोणीस म्हणाला आणि तिच्या पाठीमागे वळला. तिनं मागे पाहिलं. तिचीच पावलं होती. तिनं फोन खिशात टाकला.

भिंतीवर पाण्याची रेघ उठली होती, तिच्या खांद्याच्या वर. वीट छातीएवढ्या उंचीवर. म्हणजे वीट हातभर पाण्याखाली होती. विटेच्या फटीत गाळ भरून बसलेला. नखांनी काढावा लागला. वीट निघाली तशी आतून पाण्याची एक धार आली आणि थांबली. डबी होती. तिनंच बदललेलं रबर घट्ट होतं.

आतला कागद कोरडा होता. तिनं घातलेला, कोरा. त्यावर एक बाण वर होता, एक खाली. टोकं उघडी. पेन्सिल इतकी दाबलेली की मागून हात फिरवला तर रेघ बोटाला लागत होती. तारीख शुक्रवारची.

बाई किती वेळ उभी राहिली ते तिला सांगता आलं नसतं. ती घाबरली नाही असं नाही. मान ताठ झाली होती, आणि भिंतीपलीकडचं पाणी थांबलंय की काय असं वाटत होतं, कारण आवाज येत नव्हता. पण वीस वर्षं डाग वाचणारी बाई होती ती. तिनं एकेक करून सगळं डोक्यातून काढलं. सासरे नळीला बांधलेले होते. पूर येण्याआधी कुणी पुढची तारीख टाकून गेलं म्हणावं, तर पूर येणार आणि शुक्रवारी चढणार हे कुणाला माहीत होतं. पाणी उतरल्यावर कुणी मागची तारीख टाकली म्हणावं, तर गाळावर पाय नव्हते, आणि फटीतला गाळ तिनंच आत्ता फोडला होता. कागदावर डाग नव्हता. एकही नव्हता. माणसाचा हात लागलेल्या कागदावर काही ना काही असतंच.

मग ती मोठ्यानं बोलली. भिंतीशी बोलली की कुणाशी, ते तिचं तिला माहीत.

"जिवंत असाल तर लाज नाही तुम्हाला. इथून घर दोन तासांवर आहे, तुमचा म्हातारा बाप ते चालतो. आणि नसाल, तर तुमचं तुम्ही बघा. मला सोमवारी रुजू व्हायचंय."

ती तरी उत्तरासाठी कुठे थांबली होती. कागद तिनं परत डबीत ठेवला, झाकणाचे चारही कोपरे दाबले, वीट लावली. नियम मोडला तिनं. डबी उचलली नाही. ज्याची होती त्याला तिचा पत्ता माहीत होता. मग ती फाटकाकडे चालत गेली, मागे न बघता, आणि फाटकातून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण सबंध गाळभर पळत आलो आहोत.

सासऱ्यांना सुट्टी मिळाली त्या दिवशी तिनं त्यांना खाटेशी उभं राहून सांगितलं, रविवारी सकाळची बस आहे. तिथे दोन खोल्या आहेत. यायचं तर या. बसस्टँडपर्यंत चालत जायचं, तुम्हाला चालता येतं हे आता मला माहीत आहे. रविवारी म्हातारा तिच्या आधी तयार होऊन जिन्यात बसला होता.

ती पिशव्या घेऊन पुढे, ते काठी टेकत मागे. तिनं चाल कमी केली नाही. नाक्यावर मात्र पिशवीचा बंद सुटला म्हणून तिला थांबावं लागलं. बंद बराच वेळ बांधला तिनं. ते गाठेपर्यंत.

बस सुटली. सासरे खिडकीशी होते. हवा स्वच्छ होती, ऊन कोवळं होतं, कुठे धुक्याचा ठिपका नव्हता. वळणावर कालव्याचा काठ दिसू लागला आणि त्यांनी मान वळवली. पंपघराचं छप्पर झाडांमागून आलं आणि गेलं. बाईनं समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे नजर धरली. तिला माहीत होतं ते काय विचारणार आहेत. या माणसाला शुक्रवारच्या सहीचं कळलं, तर तो पुढच्या थांब्यावर उतरेल. मरेपर्यंत त्या भिंतीशी बसेल, पावसात, उन्हात, आणि एक दिवस कुणीतरी गवतातून त्याची काठी उचलून आणेल.

"तू गेली होतीस ना, पाणी उतरल्यावर?"

"गेले होते."

"डबी?"

"राहू दिली."

ते तिच्याकडे झुकले. मग कंडक्टरला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाले, "सह्या किती होत्या एकूण?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत लहान मुलाची असते तशी लाचारी होती. इतके महिने ती स्वतः याच डोळ्यांनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहत होती.

"तुम्ही केल्यात तेवढ्या," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मांडीवर तीन बोटं काढून धरली होती, बहुतेक मनातल्या मनात मोजायला. चौथं अर्धवट उघडलेलं होतं. ते त्यानं आधी मिटलं. मग बाकीची, एकेक करून.